एकतिसाव्या पानावरचं वर्तुळ

दिवाळी अंकासाठी लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी विचारलं, अंकाला टाके घालता की नुसता गोंद? ग्रंथपालाला अंकातला मजकूर नंतर दिसतो, आधी त्याची पाठ दिसते. तेहेतीस वर्षं मी बिबवेवाडीतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात काढली आणि दर दिवाळीत दीडशे-पावणेदोनशे अंकांना खाकी कव्हरं घातली, शिक्के मारले आणि दाभणाने पाठीला दोन टाके घातले. टाके न घातलेला अंक चौथ्या वाचकाकडून दोन अंक होऊन परत येतो. तेव्हा हा लेख तुमच्या हातात मध्येच तुटलेला आला, तर दोष माझा नाही.

आमचं ग्रंथालय भाजी मंडईच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, बारा कपाटं, वर्तमानपत्रांचं एक लांब टेबल. लोकांना वाटतं ग्रंथपाल दिवसभर वाचत बसतात. हलवाई दिवसभर पेढे खात बसतो का, असं मी विचारत असे. त्यावर एका गृहस्थांनी आमच्या चौकातल्या हलवायाचं उदाहरण दिलं होतं, आणि त्याचं पोट बघून मी ते विचारणं सोडलं.

आमचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होत नाही. गणपती विसर्जन झालं, मांडवाचे बांबू निघाले, की आमचं वर्ष सुरू होतं. पितृपक्षात नवा सभासद कोणी होत नाही, म्हणून त्या पंधरवड्यात आठ दिवस देवघेव बंद ठेवून आम्ही सगळी पुस्तकं मोजतो. दसऱ्याला दिवाळी अंक योजनेची नोंदणी. योजना सोपी आहे. एका वेळी एक अंक न्यायचा, तीन दिवसांत परत करायचा, असं होळीपर्यंत. ज्यांच्या घरी वर्षभर एक पुस्तक जात नाही तेही या दिवसांत जिना चढतात. दुपारच्या उन्हाने जीव नकोसा झालेला असतो, खाली मंडईत झेंडूचे ढीग लागलेले असतात आणि वर लोक नव्या कागदाचा वास घेत रांगेत उभे असतात. नोकरीत मला सगळ्यात आवडलेले दिवस तेच. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, कारण लगेच कोणीतरी अंक चार दिवस ठेवू का म्हणून विचारलं असतं.

या योजनेचे म्हणून काही ठरलेले अपघात असतात. वार्षिक राशिभविष्याची पानं पहिल्या आठवड्यातच नाहीशी होतात. एका वर्षी फक्त वृश्चिक राशीचं पान गेलं, बाकी अकरा राशी जागेवर. सभासदांच्या जन्मतारखा अर्जावर असतात म्हणून मी मोठ्या उत्साहाने यादी काढायला बसले. मग लक्षात आलं की आपल्याकडे रास चंद्रावरून धरतात, नुसत्या तारखेने भागत नाही. अर्जात जन्मवेळेचा रकाना असता तर चोर सापडला असता. तसा रकाना टाकावा, असं मी कार्यकारिणीला लेखी कळवलं होतं. उत्तर अजून आलेलं नाही.

सहामाही परीक्षा संपली की मुलं किल्ल्यांचं पुस्तक मागायला येतात. त्यात गडांचे नकाशे आहेत आणि प्रत एकच. सोसायट्यांच्या आवारात किल्ले बांधताना ते पुस्तक उघडं करून चिखलात ठेवतात. एकदा ते भाऊबीजेनंतर परत आलं तेव्हा त्याच्या बांधणीत अळीव उगवलं होतं. चांगलं बोटभर वाढलेलं. मी शेरा लिहिला, ‘पुस्तक सुस्थितीत नाही’. अळीव मात्र सुस्थितीत होतं.

पण मला सांगायचंय ते माझ्या हातून झालेल्या एका गोष्टीबद्दल. त्यासाठी आधी एक चाल समजावून सांगायला हवी.

ग्रंथालयाचा मुरलेला वाचक पुस्तक वाचून झालं की त्यात आपली खूण करतो. लिहायचं नाही, हा नियम भिंतीवर आहे. म्हणून तो लिहीत नाही, खूण करतो. कारण साधं आहे. वीस-पंचवीस वर्षं कादंबऱ्या नेल्या की कोणती वाचली आणि कोणती राहिली ते लक्षात राहत नाही. म्हणून प्रत्येकाचं एक पान ठरलेलं असतं. एका डॉक्टरांची फुली शंभराव्या पानावर. एका निवृत्त मास्तरांचा त्रिकोण अकराव्या पानावर, तोही समभुज. कदमबाई म्हणून एक सभासद आहेत, त्या तर शेवटच्या पानाच्या आत कपाळावरची मरून टिकली काढून चिकटवायच्या. पुस्तक बदलायला आलेला माणूस कपाटापुढे उभा राहून पुस्तक उघडतो, एका पानावर नजर टाकतो आणि परत ठेवतो. नव्या माणसाला वाटतं, केवढा चोखंदळ वाचक आहे. तो फक्त आपली फुली शोधत असतो.

मला या खुणांचा मनस्वी राग होता. पुस्तक म्हणजे काय शाळेतला बाक आहे का?

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना ग्रंथालयाचा वर्ग ‘ब’वरून ‘अ’ व्हावा म्हणून अर्ज गेला. नवरात्रात तपासणी होईल असं कळलं. आमचे अध्यक्ष म्हणाले, “बाई, स्वच्छता दिसली पाहिजे.” त्यांना जाळी-जळमटं म्हणायचं होतं. मला माझं जन्माचं काम सापडलं. पितृपक्षातल्या त्या आठ दिवसांत मी आणि आमच्या सहायक बाईंनी खोडरबर घेऊन कथा-कादंबऱ्यांचं एकूण एक पुस्तक उघडलं आणि खुणा पुसल्या. टिकल्या नखाने खरवडून काढल्या. बोटांना फोड आले. आठव्या दिवशी मी कपाटांकडे बघितलं आणि मला खरोखर अभिमान वाटला.

तपासणीला आलेल्या साहेबांनी एकही पुस्तक उघडलं नाही. त्यांनी मोरीतला नळ सोडून बघितला, आग विझवायच्या नळकांड्याची मुदत वाचली, चहा घेतला आणि गेले.

त्याआधीच, देवघेव सुरू झाली त्या सकाळी, ग्रंथालयात हलकल्लोळ उडाला होता. लोक कपाटांपुढे पुस्तकं उघडत होते आणि चेहरे पाडून मिटत होते.

“अहो, हे मी वाचलंय का?” मास्तरांनी विचारलं.

“मला कसं माहीत?”

“मग पुसलंत कशाला?”

“वाचून बघा. वीस पानांत आठवेल.”

“आणि नाही आठवलं तर?”

“तर तुमच्यासाठी ते नवीनच आहे.”

तेव्हा हे उत्तर मला फार चोख वाटलं होतं. कदमबाईंनी तर माझ्याशी बोलणंच सोडलं. पुस्तक टेबलावर ठेवायच्या आणि भिंतीकडे बघायच्या.

तिसऱ्या दिवशी जगतापकाका आले. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. पिंपरीच्या एका कारखान्यात बेअरिंग तपासण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई आमच्या जुन्या सभासद. बावीस वर्षं दर शनिवारी भाजीची पिशवी खाली ठेवून त्या दोन पुस्तकं बदलत, आणि एप्रिलमध्ये त्या अचानक गेल्या. तेव्हापासून त्यांच्या कार्डावर काका येत होते. मला वाटायचं, म्हाताऱ्याला वेळ जात नसेल.

त्यांनी तीन-चार पुस्तकं उघडून बघितली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“मॅडम, आमच्या हिच्या खुणाही गेल्या का?”

“सगळ्यांच्याच गेल्या.”

“एकतिसाव्या पानावर खाली, आकड्याच्या शेजारी. वर्तुळ असायचं. नुसतं वर्तुळ म्हणजे वाचलं. वर्तुळात टिंब म्हणजे आवडलं.”

मी म्हटलं, “तुम्हाला काय वाचायचंय ते सांगा, मी काढून देते.”

“तेच सांगतोय,” ते म्हणाले. “मी आयुष्यात कादंबरी वाचली नाही. हिला म्हणायचो, खोट्या माणसांची काळजी कशाला करतेस. ही गेली तेव्हा उशाशी एक पुस्तक होतं. परत करायला म्हणून उचललं, तर आमच्या मजल्यावरच्या कदमबाईंनी उघडून बघितलं. म्हणाल्या, एकतिसाव्या पानावर खूण नाही, म्हणजे सुलोचनाचं वाचायचं राहिलं. तेव्हा मला खुणांचं कळलं. ते पुस्तक मी पुरं केलं. मग म्हटलं, टिंबाची सगळी वाचू. नऊ झाली.”

काका रडले वगैरे नाहीत. “आता कुठली घ्यायची ते कळत नाही,” असं फक्त म्हणाले, भाव विचारावा तशा आवाजात.

मला काय वाटलं ते सांगते. लाज वाटली, आणि भीती वाटली. एका बाईच्या बावीस वर्षांच्या वाचनाचा एवढाच पुरावा जगात होता आणि तो मी बोटांना फोड येईपर्यंत पुसून काढला होता. संगणकात बघावं तर जुना संगणक बदलताना आधीची सगळी देवघेव गेली होती. त्यात दिसत होतं ते फक्त गेल्या पाच महिन्यांचं, म्हणजे काकांचंच.

मग मी तोंडाने खोटं बोलले. म्हटलं, “शेवटच्या दोन कपाटांना आमचा हात लागला नाही. त्यात राहिल्या असतील. मी बघून ठेवते.”

शुक्रवारी दुपारी ग्रंथालय बंद करून मी शेवटच्या कपाटातली एक बरी कादंबरी काढली, एकतिसावं पान उघडलं, शिसपेन्सिलीला टोक केलं आणि वर्तुळ काढलं. आत टिंब दिलं. भिंतीवरचा नियम माझ्या समोरच होता. तोपर्यंतच्या एकतीस वर्षांत मी पुस्तकावर केलेली ही पहिली रेघ, आणि तीही दुसऱ्याच्या नावावर.

शनिवारी काकांनी पुस्तक उघडलं, पान बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “नोंद करा.”

पुढच्या शनिवारी परत आले. “बरं होतं. त्या मामंजींच्या भांडणाला ही हसली असणार.” मी मान डोलवली आणि दुसरं पुस्तक पुढे केलं. असं सुरू झालं. आमच्याकडे कादंबऱ्या लेखकाच्या आडनावाप्रमाणे लावलेल्या आहेत आणि मी शेवटच्या दोन कपाटांचं सांगून बसले होते. त्यामुळे सुलोचनाबाईंची आवड ‘श’, ‘स’ आणि ‘ह’ या अक्षरांपुरती मर्यादित झाली. ‘ह’ लवकरच संपला. मराठीत ‘ह’ आडनावाच्या लोकांनी आणखी लिहायला हवं होतं.

पुस्तक निवडणं हे काम किती अवघड आहे ते मला तेव्हा कळलं. मागेल ते पुस्तक देणं निराळं. अमुक बाईंना काय आवडलं असतं हे ठरवणं निराळं. मी शुक्रवारची दुपार त्यांचा चेहरा आठवण्यात घालवू लागले. हिरव्या काठाची पिशवी, बाहेर आलेली शेवग्याची शेंग, चष्म्याची दोरी हे सगळं आठवायचं. त्या काय बोलल्या, ते एकदाही आठवलं नाही. मी त्यांच्याशी काय बोलले होते ते मात्र पक्कं आठवत होतं. “कार्ड?” आणि “पुढचे.”

दसरा झाला, कोजागिरी झाली. वसुबारसेच्या दिवशी अंक वाटप सुरू झालं. जिन्यावर रांग, अमक्याला नवा अंक आणि मला कोपरा दुमडलेला का, म्हणून भांडणं, सगळं यथासांग. जगतापकाका मुद्दाम गर्दी ओसरल्यावर आले. हातात आदल्या आठवड्याचं पुस्तक होतं. ते त्यांनी एकतिसाव्या पानावर उघडून माझ्यासमोर ठेवलं.

“मॅडम, तीन मुद्दे आहेत,” ते म्हणाले. कारखान्यात माल परत पाठवताना असेच बोलत असतील.

“बोला.”

“एक. चार पुस्तकं झाली. हिला फक्त श, स आणि ह आडनावाचेच लेखक आवडायचे का?”

मी पेन खाली ठेवलं.

“दोन. हे पुस्तक तुमच्याकडे जूनमध्ये आलं. आत दाखल शिक्का आहे. ही एप्रिलमध्ये गेली.”

दाखल शिक्का! नवीन पुस्तक आलं की पहिल्या पानामागे तारखेचा शिक्का मारतात, तो मी माझ्या हाताने मारला होता. हजारो पुस्तकांवर मारला होता. नेमका तोच बघायचा राहिला. खोट्या कामाची सवय नसली की असं होतं.

“आणि तीन?” मी विचारलं. आता उरलं काय होतं?

“तिसरा मुद्दा खरं म्हणजे पहिला. तुमचं वर्तुळ गोल आहे. हिचा हात कापायचा. हिचं वर्तुळ वरच्या बाजूला कधी मिटायचं नाही. छत्तीस वर्षं मी गोल तपासलेत, मॅडम.”

“म्हणजे तुम्हाला कधी कळलं?”

“पहिल्याच पुस्तकाला.”

मला वाटलं ते आता कार्ड टेबलावर ठेवतील, कार्यकारिणीकडे तक्रार करतील, आणि केली असती तर मी एका शब्दाने नाही म्हटलं नसतं. मी म्हटलं, “काका, चुकलं माझं. आधी पुसलं तेही, आणि नंतर काढलं तेही. पण मग तुम्ही पुस्तकं नेत का राहिलात?”

ते पुस्तकाकडे बघत होते. “वाईट नव्हती. आणि कोणीतरी हिच्यासाठी बसून निवडतंय असं वाटायचं. मी तर कधी निवडलं नाही.” मग त्यांनी मान वर केली. “तुम्ही बावीस वर्षं हिला पुस्तकं दिलीत. हिला खरं काय आवडायचं?”

याचं उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं. नोकरीच ती होती. मी म्हटलं, “मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.”

“मीही नाही,” ते म्हणाले. “एका घरात राहून.”

खाली मंडईत कोणीतरी झेंडूचा भाव ओरडत होता. काकांनी खिशातून सुलोचनाबाईंचं कार्ड काढलं आणि अंक मागितला. सभासद हयात नसेल तर कार्ड बदलावं लागतं, असा नियम आहे. मी कार्ड घेतलं, त्यांच्या पुढे उरलेले अंक पसरले आणि म्हटलं, “या वेळी तुम्ही निवडा.” त्यांनी दहा मिनिटं लावली. प्रत्येक अंकाची पाठ दाबून बघितली. शेवटी एक घेतला. मी त्यात कुठेही काही काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तक परत करणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागले, “कसं वाटलं?” पुण्यात हा प्रश्न सोपा नाही. पहिल्या गृहस्थांनी विचारलं, “का? पान फाटलंय का?” दुसऱ्या म्हणाल्या, “तुम्हाला कशाला?” मास्तर म्हणाले, “तुम्हीच म्हणालात ना, वाचून बघा. बघितलं. तीस वर्षांपूर्वी वाचलेलं निघालं. पण तेव्हा कळलं नव्हतं.” कदमबाईंनी भिंतीकडे बघत सांगितलं, “शेवट घाईत उरकलाय,” आणि हे त्यांचं माझ्याशी खुणा पुसल्यानंतरचं पहिलं वाक्य. मी ते त्यांच्या नावापुढे वहीत लिहून ठेवलं. वही माझी, पुस्तक ग्रंथालयाचं.

काका तिसऱ्या दिवशी बरोबर मुदतीत आले. बाराला सात मिनिटं कमी होती. बारा म्हणजे आमची दुपारची सुट्टी, आणि तोपर्यंतच्या एकतीस वर्षांत मी बारा वाजून एक मिनिटाने कोणाला आत उभं केलेलं नव्हतं. त्यांनी अंक टेबलावर ठेवला. मी पाठ तपासली नाही.

“कसा वाटला?” मी विचारलं.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“जरा वेळ लागेल,” ते म्हणाले आणि वर्तमानपत्राच्या टेबलाजवळची खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.